पटका आणि पहाडाची लेक

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मी एक्कावन्न वर्षांचा होतो, आणि तोपर्यंत कोणा माणसापुढे डोक्यावरचा पटका उतरवला नव्हता. देवळात उतरवत होतो. पण देवाची गोष्ट वेगळी, तो मागून टोमणे मारत नाही. त्या साली वैशाखात माझ्या पोराला तुमची कुसुम केली आणि तुम्ही माझे ईवाई झाले. व्याही हा शब्द मास्तर लोकांचा. आपण मरेपर्यंत एकमेकांना ईवाईच म्हणालो. मरेपर्यंत म्हणजे तुम्ही मरेपर्यंत. मी अजून आहे.

तुम्ही कुठे जन्मले, किती वर्षं साहेबाच्या बंगल्यात बाग राखली, मागे कोण कोण आहे, हे सगळं दहाव्याला घाटावर एकाने कागदावरून वाचून दाखवलं. त्यात आपल्या भांडणाचा एक शब्द नव्हता. चौदा वर्षं चाललेलं भांडण, आणि त्याची एक ओळ नाही. म्हणून मीच लिहायला बसलो. दुसरी शिकलेला हात आहे, अक्षर वाकडं येईल. हसायचं तर हसा.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी तसं कबूल केलेलं नाही.

मांडवापासूनच सुरू करतो, कारण सुरुवात तुम्ही केली होती. आमच्या गावची रीत तुम्हाला माहीत होती. पोरीच्या बापाने दिलेलं आंदण बाजेवर मांडायचं, आणि अख्ख्या गावाने येऊन ते वाकून पाहायचं, बोटाने वाजवून पाहायचं. भंडाऱ्याची सोयरीक म्हटल्यावर गावाला पितळेची आस. पाण्याचा गुंड होता, परात होती, गंज होते, सगळं चिंचेने घासून लखलख केलेलं. आणि बाजेच्या मधोमध, जिथे मोठं घंगाळ असायला पाहिजे, तिथे वनस्पती तुपाचा रिकामा डबा. डब्यात माती. मातीत वीतभर रोप, आवळ्यासारख्या बारीक पानाचं.

माझी बहीण कौशल्या काही तोंड दाबून ठेवणारी बाई नाही. ती म्हणाली, "काहून जी ईवाईबुवा, भंडाऱ्यातली पितळ सरली का?"

तुम्ही म्हणाले, "पितळ घासा लागते बाई. हे बिना घासता चमकते."

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "हे काय होय?"

"नीलमोहर. पहाडाची लेक हाये. समुद्रापलीकडच्या कोण्या पहाडातली, साहेब सांगत होते. तिथून शहराशहरात नांदाले गेली. भंडाऱ्याले बंगल्यात नांदली. आता तुमच्या गावात नांदंल."

"फळ देते?"

"नाही."

"पानाच्या पत्रावळी होतात?"

"एवढ्याशा पानाच्या?"

"ढोरं खातात?"

"ढोरं तोंड फिरवतात."

"मंग करते काय?"

"फुलते."

"बस?"

"बस."

मांडवात तीन गावची माणसं होती. माझा आवाज आपोआप चढला. मी म्हणालो, "या धानाच्या चिखलात तुमची शहरी पोट्टी फुलत नाही, लिहून घ्या. ज्या दिवशी फुलंल त्या दिवशी हा पटका खुंटीवर ठेवीन, फुलाची फांदी उघड्या डोक्यावर घेईन, पायी पायी भंडाऱ्याले येईन आन् तुमच्या दारात उभा राहून म्हणीन, ईवाई, झाड फुललं."

हशा झाला, कारण मी काय बोललो ते सगळ्यांना कळलं होतं. पोराचा बाप पोरीच्या बापापुढे डोकं उघडं करत नाही. वाकायचं ते पोरीवाल्याने. माझ्या बापाने ते पाळलं, आज्याने पाळलं. मी पैज लावली ती हरायची नाही म्हणून.

तुम्ही तेवढे हसले नाही. हात जोडून म्हणाले, "जी. मी दारात उभा राहीन."

नंतर पंगत उठल्यावर तुम्ही मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले होते, "पोरीले नव्या घरी कोणी तरी ओळखीचं पायजे ना जी. बंगल्यात ती असल्याच झाडाखाली खेळे." मी म्हणालो, "आमी काय वाघ हाओत का?" तुम्ही गप्प झाले. ते गप्प होणं मला तेव्हा माझी जीत वाटली होती.

झाड मी लावलं, तुम्ही नाही. आंगणाच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात खड्डा खणला तो मी. तुम्ही पुढच्या महिन्यात आले आणि पाहिलं की बुडाशी टोपलंभर शेणखत आहे. कपाळाला हात लावला.

"ईवाई, एवढं खाऊ नोका घालू तिले."

"काहून?"

"पहाडातली हाये. खडकात, कमी मातीत वाढलेली. पोट भरलं का ती पानंच पानं काढते, फुलत नाही. थोडी उपाशी ठेवा."

"माझ्या दारात कोणी उपाशी राहत नाही," मी म्हणालो. "ना ढोर, ना माणूस, ना तुमचं झाड."

हे आपलं खरं भांडण. पैज मांडवापुरती होती, भांडण शेणाचं. तुम्ही दर चैत्रात यायचे, पाडवा झाला की आठ दिवसांच्या आत, कुसुमला भेटायला आणि झाडाखाली वाकून माती चिमटीत घ्यायला. वास घ्यायचे आणि म्हणायचे, "परत टाकलं." मी म्हणायचो, "टाकलं. टाकीन." तुम्ही सरकारी बागेतले, तोलून मापून पाणी घालणारे. मी बांधीत उभा राहून धान पिकवणारा. मातीला दिलं तर माती देते, हे मी पायाने शिकलो आहे, कोण्या साहेबाच्या पुस्तकातून नाही. आणि खरं सांगायचं तर गावातले लोक म्हणाले असते की ईवाईने कचरा दिला आणि यानं तो वाळवून मारला. ते मला ऐकायचं नव्हतं. झाड माझ्या दारात मेलं नसतं. फुललं नसतं तरी मेलं नसतं.

ते वाढलं बाप्पा, काय वाढलं. चार वर्षांत घराच्या कवेलूच्या वर गेलं. पानं अशी दाट की खाली पाऊस उशिरा पोचायचा. फूल मात्र एक नाही.

मग तुमच्या बंगल्यात नवा साहेब आला आणि त्याला मोटार ठेवायला जागा पाहिजे होती. तिथलं झाड तोडलं. तुम्ही त्या वर्षी आले तेव्हा ते सांगितलंही नाही, कुसुमला मोरेश्वरकडून कळलं, तुमच्या पोराकडून. तुम्ही फक्त आमच्या झाडाच्या बुडावर हात ठेवून जरा जास्त वेळ उभे राहिले. मी बाजेवरून पाहत होतो. मला वाटलं, आता हेच एक राहिलं. वाटलं, तुम्हाला तसं म्हणावं. त्याऐवजी मी म्हणालो, "चहा थंडा होऊन राहिला."

सन ऐंशीची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली का, ठाऊक नाही. मी सांगतो. पोळ्याच्या आधीचे दिवस, सहा वर्षं झालेली. रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं की काकाजीचं झाड वांझोटं आहे, ईवाईने फसवलं. मी घरी आलो आणि कुऱ्हाड काढली. सहा वर्षं माझं शेण खाल्लं आणि माझीच लाज काढते म्हणजे काय.

कुसुम तेव्हापर्यंत माझ्यासमोर पूर्ण वाक्य बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, आणि "जी मामाजी" एवढंच. ती आमच्या नातीला, चंदाला, कमरेवर घेऊन आली आणि झाड आणि माझ्यामध्ये उभी राहिली.

"मामाजी, आमी दोघी एकाच बैलबंडीत आलो या घरी. तिले तोडाचं असंल त मले आधी बंडीत बसवून भंडाऱ्याले पोचवा. मंग मोकळ्या हातानं तोडा."

मी म्हणालो, "मी त फांदी छाटून राहिलो होतो."

ती म्हणाली, "बुडाची फांदी?"

कुऱ्हाड ठेवली. तुमची पोर होती म्हणून नाही, ती बरोबर बोलली म्हणून. त्या दिवसापासून या घरात तिच्या शब्दाला मान आहे. तो मान तिला झाडाने मिळवून दिला की तुम्ही, हे मला आजही ठरवता येत नाही. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. मानतो. एवढंच मानतो.

चौऱ्याऐंशीला मी एक बैलजोडी विकली. पोरगा गिरणीवर लागला होता, शेती अर्धी वाट्याने दिली. गोठ्यात शेण कमी झालं आणि होतं ते बांधीला पुरेना. झाडाचं टोपलं बंद पडलं. मी बंद केलं नाही हे ध्यानात ठेवा, ते बंद पडलं.

आणि शहाऐंशीच्या फाल्गुनात त्याची पानं झडायला लागली. मी म्हटलं मेलं. मेलं ते उपाशी मेलं, ईवाईच्या मनासारखं झालं. मग चैत्र लागायच्या तोंडाशी एका सकाळी चंदा ओरडत आली, "आबा, झाडावर जांभळं आभाळ पडलं."

ईवाई, मी बाहेर आलो आणि बाजेवर बसलो. पान एक नाही. नुसतं फूल. आमच्याकडे पळस फुलतो, तो आगीसारखा, अंगावर येतो. हे तसं नव्हतं. हे थंड होतं. खाली जमिनीवर जेवढं वर तेवढंच पडलेलं. रस्त्याने जाणारे ट्रकवाले गाडी हळू करून पाहत होते. बारा वर्षं. आणि ते शेण थांबल्यावर फुललं. तुम्ही सांगितलं तसंच, अक्षरश: तसंच.

तेव्हाच निघायला पाहिजे होतं. पटका काढायला पाहिजे होता. मी काय केलं ते आता लिहितो.

मी पोस्टकार्ड आणलं. आयुष्यात पहिलं कार्ड, स्वत:च्या हाताने लिहिलेलं. त्यावर लिहिलं, चंदाले माता आली आहे, येऊ नये. माता म्हणजे अंगावर फोड, कांजिण्या; ती घरात असली की दाराला कडुनिंब बांधतात आणि बाहेरचा माणूस उंबरा ओलांडत नाही, मग तो सख्खा आजा का असेना. मला माहीत होतं की एवढं लिहिलं की तुम्ही चैत्रात येणार नाही. महिना गेला की फुलं झडतील. पुढचं पुढे पाहू.

कुसुमने कार्ड वाचलं. ती चौथी शिकलेली, माझ्यापेक्षा दोन इयत्ता जास्त.

"मामाजी, धडधाकट लेकराच्या नावानं माता कायले बोलावता?"

"बोलावली नाही. लिहिली."

"बाबा घाबरतीन."

"महिन्याभरानं हसतीन. तू काही सांगू नोको."

ती म्हणाली, "तुमी नाही म्हणाले त नाही सांगनार. पन हे बरं नाही करून राहिले." आणि तिने सांगितलं नाही. तुमची पोर तुमच्याशी खोटी राहिली ती माझ्या शब्दासाठी. हे ओझं तिचं नाही, माझं आहे. तिच्यावर रागावू नका.

गाव मात्र डोळे झाकून बसलं नव्हतं. टपरीवर पाय ठेवला की सुरू. "मंग काकाजी, बिना पटक्याचे कधी निघता?" "काकाजी, डोकं विंचरून ठेवा, भंडाऱ्याचे लोक पाहतीन." मी सांगितलं, माझी पैज मी फेडीन, कोणी मधात पडलं तर टंगडी मोडीन. त्यांना ते खरं वाटलं. मलाही वाटत होतं. पुढच्या वर्षी, म्हणायचो. धान निघू दे. गुडघा बरा होऊ दे.

तुम्ही नारळ पाठवला. दूधवाल्याच्या हाती, निरोपासकट, "माता उतरली की फोडा." मी तो फोडला आणि खोबरं सगळ्यांना वाटलं, आणि मला वाटलं की फसले.

वैशाख सरता सरता तुम्ही आले. चंदाच्या तोंडावर एक व्रण नाही. तुम्ही तिला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मातेनं लय सांभाळून घेतलं." मग झाडाखाली बसले आणि वर पाहिलं. फुलं झडून गेली होती, कोवळी पानं फुटली होती, आणि पानांमधून चपट्या हिरव्या गोल शेंगा लोंबत होत्या. मी विसरलो, ईवाई. उभं आयुष्य शेतीत गेलं आणि मी विसरलो की फुलाशिवाय शेंग धरत नाही. तुम्ही बागेतले. तुम्ही त्या शेंगा किती वेळ पाहत होते.

"यंदाही नाही?" तुम्ही विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"तब्येत चांगली हाये झाडाची," तुम्ही म्हणाले.

सत्याऐंशीला मी दुसरं कार्ड टाकलं. तोच मजकूर. यावर तुमचा निरोप आला, "तुमच्या गावची माता मोठी वक्तशीर जी. पाडवा झाला की हजर." मी तो निरोप टपरीवर सांगून हसलो. त्यात काय होतं ते मला कळलं नाही, का मी कळू दिलं नाही, देव जाणे.

यंदा माघात तुम्ही आजारी पडले म्हणून मी भंडाऱ्याला आलो. तुम्हाला ऐकू कमी येत होतं, जवळजवळ नाहीच. पाणी देऊ का, एवढं विचारायलाही ओरडावं लागे. तुम्ही बाजेवरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ईवाई, यंदा त माता येनार नाही ना?"

तेव्हा सांगायचं होतं. तोंडात आलं होतं. पण हळू सांगून तुम्हाला पोचलं नसतं, आणि ओरडून सांगितलं असतं तर अख्ख्या गल्लीने ऐकलं असतं. मी गल्लीचा विचार केला. तुमचा नाही. मी म्हणालो, "पाहू." तुम्हाला तेही ऐकू गेलं नाही. मी मान हलवली, आणि ती मान हो ची होती का नाही ची, हे मलाच ठाऊक नाही.

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी तुम्ही गेले. घरी झाड गच्च भरलेलं. मी त्याखालून चालत रस्त्यावर आलो, गाडी पकडली, आणि तुम्हाला वैनगंगेवर नेलं तेव्हा सगळ्यांच्या मागे चाललो. पटका घालून. लाकूड ठेवलं ते पटका घालून.

दहाव्याला घाटावर मोरेश्वर माझ्याजवळ आला. नुकतं मुंडन केलेलं डोकं, हातात कापडाची पिशवी. त्याने माझी दोन्ही पोस्टकार्डं काढून मला दिली. प्रत्येकाला टाचलेलं एसटीचं तिकीट.

"हे काय?"

"काकाजी, तुमचं कार्ड आलं त्याच दिवशी बाबा गाडीत बसले. आमी म्हटलं, माता हाये, जाऊ नोका. त म्हणाले उतरत नाही, खिडकीतून पाहून येतो, पोट्टी दिसंल आंगणात. तुमच्या गावापुढं लाखनीले उतरले, परतीच्या गाडीनं आले."

"मंग?"

"येऊन हसत बसले. म्हणे पोट्टी ठणठणीत हाये, फुलाखाली दोरीवरून उड्या मारून राहिली. म्हणे झाड असं फुललं का गाडीतले लोक माझ्या अंगावरून वाकून पाहून राहिले होते."

मी म्हणालो, "मले काहून नाही सांगतलं?"

मोरेश्वर खाली पाहत म्हणाला, "आई तेच म्हणाली, जा, पैज मागा. त बाबा म्हणाले, त्याच्या डोक्यावरचा पटका त्याच्या डोक्यावर राहू द्या. माझ्या पोरीचा सासरा हाये. मले झाड पाहाचं होतं, पाह्यलं." मग म्हणाला, "दुसऱ्या वर्षीही गेले होते. यंदा उठता आलं नाही."

ईवाई, आता ऐका. मला तुमचा राग आला. दहाव्याच्या भाताला कावळा शिवला, लोक म्हणाले आत्मा तृप्त आहे, आणि मी नदीकडे पाहून मनात म्हणालो, हा कशाचा तृप्त, हा फसव्या आहे. तुम्ही मला माफ केलं, तेही न विचारता. कोणी सांगितलं होतं? मी काय एवढा दुबळा, की माझा पटका तुम्ही सांभाळावा? मला हरता येत नाही असं समजले तुम्ही? हरलो असतो तर रुबाबात हरलो असतो. तुमची ती दया मला नको. तुमच्याच पिशवीत परत घाला ती, तिकिटांसकट.

आणि तरी ती तिकिटं मी मोरेश्वरला परत दिली नाहीत. खिशात आहेत. दोन वर्षं एक म्हातारा उन्हात गाडीत बसतो, आपल्याच पोरीच्या दारावरून जातो आणि उतरत नाही, कारण आत बसलेल्या एका आडमुठ्या माणसाची लाज झाकायची आहे. असा माणूस मला दुसरा भेटला नाही. भेटणारही नाही, माझं वय पासष्ट आहे.

दहाव्याहून मी सायंकाळी घरी आलो. कुसुम तेरवीपर्यंत तुमच्याकडेच होती. मी कौशल्याला आणि पोराला सांगितलं की उद्या सकाळी पैज फेडायला निघतो.

कौशल्या उसळली. "दादा, डोकं फिरलं का? आपण पोरावाले."

"माहीत हाये."

"त्या घरी सुतक हाये. तिथं फुलं नेतात?"

"नेतात. मी नेऊन राहिलो."

"ज्याच्यापुढं हारला थोच राहिला नाही. कोणाले दाखवतोस?"

"पैज त्याच्या दाराची होती. दार हाये अजून."

ती रडायला लागली. म्हणाली, "उघड्या डोक्यानं रस्त्यानं चालशील? लोक काय म्हणतीन? बाप मेला का माणूस असा उघड्या डोक्यानं फिरते."

मी म्हणालो, "मंग लोकाईले तसंच समजू दे."

पोरगा म्हणाला, गाडीने जाऊ, मी सोबत येतो, गुडघा पाहा तुमचा. मी म्हणालो की पायी बोललो होतो, आणि सोबतीचं काही बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी पहिल्यांदा गोठ्यात गेलो. एक टोपलं शेणखत भरलं आणि झाडाच्या बुडाशी टाकलं. हे मुद्दाम सांगतो आहे. पैज हरलो, भांडण हरलो नाही. तुमचं म्हणणं खरं निघालं तरी माझ्या दारात कोणी उपाशी राहणार नाही, आणि आता ती आमच्या गावची आहे, तिने खाऊन फुलायला शिकावं.

मग पटका काढला आणि खुंटीवर ठेवला. डोक्याला वारा लागला तो विचित्र लागला. हाताशी येणारी एक फांदी तोडली, डोक्यावर धरली आणि रस्त्याला लागलो.

टपरीवर सगळे बसले होते. कोणीतरी म्हणालं, "काकाजी," आणि हातातली कपबशी खाली ठेवली. एकेक जण उठून उभा राहिला. मी थांबलो नाही. पाच कोस. मागून येणाऱ्या गाड्या हळू होत होत्या, कंडक्टर दारातून वाकून "बसता का आबा" विचारत होते, मी हाताने जा म्हणत होतो. वाटेत ज्याने विचारलं त्याला सांगितलं. ईवाईच्या घरी चाललो. पैज हारलो. अर्धी फुलं रस्त्यात गळली. गळू दिली, रस्त्यालाही कळू द्या.

ऊन चढलं तेव्हा तुमच्या गल्लीत पोचलो. तुम्ही म्हणाले होते, मी दारात उभा राहीन. दारात कुसुम उभी होती. तिने माझं उघडं डोकं पाहिलं, फांदी पाहिली, आणि पदर तोंडाला लावला. आतून मोरेश्वर आला, शेजारची माणसं ओट्यावर आली.

मी तिला म्हणालो, "जरा बाजूले हो बेटा. मले आत बोलाचं हाये."

ती बाजूला झाली. आत तुमची बाज दिसत होती, गादी काढलेली. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि बोललो. तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या जोराने बोललो.

"ईवाई, झाड फुललं!"

आणि पोचलं नसेल तर, म्हणून पुन्हा एकदा.